मदत हवी आहे: माजी सैनिक काका, दारू आणि स्वारगेटचा फुटपाथ

माझे चुलते मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. पेन्शन चालू आहे, सातारा जिल्ह्यात घर आहे, तरी काही महिन्यांपासून ते स्वारगेटच्या आसपास फुटपाथवर झोपतात.

फौजेतून चाळिशीतच सुटले. मग पुण्यात सिक्युरिटीची बारा तासांची ड्यूटी. हाताखाली जवान असलेला माणूस सोसायटीच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहू लागला. दारू आधीही होतीच, फौजेच्या कॅन्टीनमधून दारूचा कोटा असतो. पण युनिटमध्ये पहाटे पीटीला उभं राहावं लागायचं. इथे कोण विचारतंय?

काकूंनी पुष्कळ वर्षं सोसलं. त्या म्हणतात, बरे होऊन आले तर दार उघडं, पिऊन आले तर नाही. मला ते पटतं. त्यामुळे ‘घरच्यांनी सांभाळून घ्यावं’ असे सल्ले कृपया नकोत.

एटीएम कार्ड एका गुत्तेवाल्याकडे आहे. पेन्शन जमा झाली की तोच पैसे काढतो आणि उधारी वळती करून घेतो. फौजेतून सुटताना मिळालेलं डिस्चार्ज बुक, माजी सैनिकांच्या उपचारांचं ईसीएचएस कार्ड, दोन्ही हरवलंय. एका कार्यालयात गेलो तर ‘त्यांनाच घेऊन या’ म्हणाले. एक व्यसनमुक्ती केंद्र गाडी पाठवून ‘उचलून नेतो’ म्हणतंय, पण मला त्याची भीती वाटते. त्यातच परवा दारू मिळाली नाही तर हात थरथरत होते आणि भिंतीवर माणसं चालताना दिसतात म्हणाले. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद:

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. तुम्ही शेवटी लिहिलंय तिथूनच सुरुवात करा. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत असे भास होतात, फिट येते, जीवही जाऊ शकतो. पुन्हा असं झालं तर थांबू नका, थेट ससूनला न्या. आधी हॉस्पिटल, केंद्र नंतर. येरवड्याच्या मुक्तांगणशी आत्ताच बोलून ठेवा. १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनही आहे.

उचलून नेणाऱ्यांना साफ नाही सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं. माणूस स्वतःला सांभाळू शकत नसेल, तर नातेवाइकाच्या अर्जावर आणि तज्ज्ञांच्या तपासणीनंतर नोंदणीकृत ठिकाणी ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं.

कागद हरवल्याची पोलिसात नोंद करा, मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला (सैनिकांच्या नोंदी तिथे असतात) अर्ज. बँक पासबुक, पेन्शनचा जुना कागद, युनिटमधला फोटो, सापडेल ते जोडा. सैन्य क्रमांक मिळाला की बाकी निघतं. ते भानावर असतील तेव्हा त्यांच्याकडूनच बँकेला फोन करवून एटीएम कार्ड बंद करा. गुत्तेवाल्याशी वाद घालायला एकटे जाऊ नका.

रेकॉर्ड ऑफिस बेळगावचंच ना? तालुका कळवा, तिकडचे दोघे-तिघे ओळखीचे आहेत.