खेळाच्या मैदानाचं आरक्षण बदलतायत, हरकत कशी घ्यायची?

नदीकाठचा:
आमच्या नगरपरिषदेने डीपीतलं (विकास आराखड्यातलं) मैदानाचं आरक्षण काढून जागा कमर्शियल करायची नोटीस पेपरात दिलीये, कलम ३७ लिहिलंय, ठराव झाला तेव्हा कुणाला पत्ताच नाही आणि आता गावात जो तो म्हणतो झालं ते झालं, पोरं संध्याकाळी तिथेच खेळतात हो, दुसरी मोकळी जागाच नाही. काही करता येईल का?

अर्जवाले काका:
झालं ते झालं असं अजिबात नाही. एमआरटीपी कायदा (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम) १९६६ चं कलम ३७ म्हणजे किरकोळ फेरबदल, त्यात नोटिशीच्या तारखेपासून महिनाभरात हरकत देता येते, हरकत देणाऱ्यांची सुनावणी घ्यावीच लागते आणि शेवटची मंजुरी राज्य सरकारची असते, नुसत्या ठरावाने झोन बदलत नाही. लेखी द्या, आवक-जावकला शिक्का मारलेली पोच घ्या. सुनावणी मागतोय हे स्पष्ट लिहा.

वॉर्ड ५:
आणि मुद्दा हाच धरा की आराखड्याचं मूळ स्वरूप बदलेल असा फेरबदल या कलमात बसत नाही. भाग नकाशा (आराखड्यातला त्या जागेपुरता नकाशा) आणि झोन दाखला (जागा कुठल्या वापरासाठी आहे त्याचा दाखला) नगररचना विभागातून काढून जोडा. आमच्याकडे पाणीपट्टी वाढली तेव्हा सगळे चहाच्या टपरीवर बोलले, लेखी कुणीच दिलं नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

नदीकाठचा:
नोटिशीला अकरा दिवस झालेत. उद्या शाळेतल्या पालकांच्या सह्या घ्यायला सुरुवात करतो.

अर्जवाले काका:
एकाच अर्जावर सगळ्या सह्या नकोत, घरटी वेगळा अर्ज द्या.