मदत हवी: आईच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यात परत धूसर, जीन थेरपी कुठं होते?

निपाणीचा_पोरगा
आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. आता परत दुधाळ दिसतंय म्हणते, समईची ज्योत फुटल्यासारखी दिसते. मोतीबिंदू उलटलाय असं शेजारचे म्हणतात. जीन थेरपी केली की हे होतच नाही असं वाचलं. बेळगाव, कोल्हापूर, मिरज, कुठंही नेतो. दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या गुरुवारी आहे. लवकर सांगा.

खानापूरकर
ऑपरेशन कधी झालं? कुठला डोळा? शुगर आहे का? हे न सांगता कोण काय सांगणार?

अथणीची_सुमन
माझ्या सासूबाईंना असंच झालं होतं. रोज मधाचे दोन थेंब घातले, महिन्यात फरक.

चिकोडीहून
सुमनताई, ऑपरेशन झालेल्या डोळ्यात मध घालायला कृपा करून सांगू नका. जंतुसंसर्ग झाला तर डोळा जातो.

मोतीबिंदू परत येत नाही. खराब भिंग काढतात, पण त्याची पातळ पिशवी ठेवतात, नवी लेन्स तिच्यातच बसते. पिशवीच्या कडेला राहिलेल्या पेशी वाढत मागच्या भिंतीवर सरकतात, ती गढूळ होते. यावर याग लेझर आहे. टाका नाही, पाचेक मिनिटांत त्या भिंतीला मधोमध छिद्र पाडतात. माझ्या वडिलांना दुसऱ्या दिवशी पेपर वाचता आला.

निपाणीचा_पोरगा
लेझर माहीत आहे. मला दुसऱ्या डोळ्याला हे होऊच द्यायचं नाही, म्हणून जीन थेरपी विचारतोय.

गोकाक_ऑप्टो
दादा, ती अजून प्रयोगशाळेतच आहे. कल्पना अशी: लेन्स बसवताना निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर लादून, राहिलेल्या पेशींना मरायला लावणारं जनुक (जीन) पिशवीत सोडायचं. 2006 साली सशांवर हे करून दाखवलं. पण तेच जनुक बुबुळाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या (कॉर्निया), आतल्या थरापर्यंत पोचलं तर त्या थरातल्या मेलेल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत, डोळा कायमचा अधू. 2017 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली डोळ्याची जीन थेरपी वेगळ्या, जन्मजात आजाराची आहे. कोणी मोतीबिंदूनंतरची म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

दुसऱ्या डोळ्यासाठी चौकोनी कडेची लेन्स मागा. ती कड पेशींना अडवते, धूसर होण्याचं प्रमाण कमी होतं.

संकेश्वरवाला
निपाणीहून बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. शिवाय तिथं कागद मराठीत मिळतात, इकडं कन्नडमधलं डिस्चार्ज कार्ड वाचायला दुसऱ्याला शोधावं लागतं.

खानापूरकर
डोळ्याचं विचारलंय, भाषेचं नाही. बेळगावातही चांगले डॉक्टर आहेत की.

संकेश्वरवाला
अहो, थेंब किती वेळा घालायचे ते त्याच कागदावर असतं!

निपाणीचा_पोरगा
डावा डोळा, सव्वा वर्ष झालं. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. हे महत्त्वाचं असेल असं वाटलं नाही.

चिकोडीहून
तेच सगळ्यात महत्त्वाचं. शुगरमुळे पडद्याला सूज आली तरी असंच धूसर दिसतं, आणि ती याग लेझरने जात नाही. इथं पडदा म्हणजे रेटिना, पिशवी वेगळी. बाहुली मोठी करून दोन्ही डोळ्यांचे पडदे तपासून घ्या. आणि वीज चमकल्यासारखं किंवा काळे ठिपके अचानक दिसले तर त्याच दिवशी न्या.

निपाणीचा_पोरगा
मग गुरुवार पुढं ढकलू?

गोकाक_ऑप्टो
गुरुवारच्या आत पडद्याची तपासणी झाली आणि डॉक्टर हो म्हणाले, तर नाही. नाहीतर ढकला. मोतीबिंदू थोडा थांबतो.

निपाणीचा_पोरगा
उद्या सकाळच्या गाडीने कोल्हापूरला नेतो. आईचे ठिपके आत्ताच विचारले, नाहीत म्हणते.