साक्ष ऐकली एकानं, निकाल दिला दुसऱ्यानं. ज्यूरी असती तर?

मास्तरीणबाई:
आमचं गाव बेळगाव जिल्ह्यात, घरात मराठी. 2017 साली बांधावरून भांडण झालं आणि मागून दांडा बसून आप्पांचं हाताचं हाड मोडलं. साक्षीची तारीख आली चार वर्षांनी. आप्पा मराठीत म्हणाले, "मी पाठमोरा होतो, पण शिवी दिली त्या आवाजावरून ओळखला. तीस वर्षं शेजारी शेत आहे." कन्नडमध्ये कागदावर उतरलं ते एवढंच, की मारणाऱ्याला पाहिलं नाही. वाचून दाखवलं असेल, पण आप्पांना समजेल असं नाही. त्यांनी अंगठा उठवला. मग न्यायाधीशांची बदली झाली, नंतर आणखी एकदा. तिसऱ्यांनी कागद वाचून आरोपीला सोडलं. आप्पा अजून विचारतात, "मी आवाजाचं सांगितलेलं की गं?"

इंग्लंडात गंभीर खटल्यांत बारा सामान्य माणसं, म्हणजे ज्यूरी, खटला सुरुवातीपासून शेवटपर्यंत समोर बसून ऐकतात आणि तीच ठरवतात. हे जास्त न्यायाचं नाही का?

कोर्टातला:
बाई, बेळगावात वकिली करतो. तुमचं दुःख खरं आहे, पण ज्यूरी आपल्याकडे होती. नौदल अधिकारी नानावटींवरच्या 1959 च्या खून खटल्यात ज्यूरीनं त्यांना 8 विरुद्ध 1 असं निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटेना, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथं जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयानं 1961 मध्ये ती कायम केली. पुढं 1973 च्या फौजदारी संहितेत ज्यूरी राहिलीच नाही. ज्यूरी कारणं देत नाही, फक्त दोषी की निर्दोष एवढंच सांगते. न्यायाधीशाला कारणं लिहावी लागतात, म्हणून चूक कुठं झाली ते तुम्हाला बोट ठेवून दाखवता येतं. ज्यूरीनं सोडलं असतं तर बोट कशावर ठेवलं असतं?

याच 1973 च्या संहितेच्या (2024 पासून तिच्या जागी नवी आली) 277 आणि 278 कलमांत साक्षीच्या भाषेचं आणि समजेल अशा भाषेत वाचून दाखवण्याचं सांगितलंय. 2009 च्या दुरुस्तीनं तिच्या 372 कलमाखाली जखमी माणसालाही निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करता येऊ लागलं, आणि नव्या संहितेतही तो हक्क आहे. उशीर करू नका.

केसरीवाचक:
भाषेचा विषय निघाला म्हणून. 1908 साली टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरी नऊ जणांची होती, सात युरोपियन आणि दोन पारशी. केसरीतले मराठी लेख त्यांच्यापुढं इंग्रजी भाषांतरात गेले. निकाल 7 विरुद्ध 2, आणि टिळक मंडालेला. 1897 लाही सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तीन हिंदी सभासदांनी निर्दोष. आपल्या सीमाभागात बारा माणसं बसवली तर मतं पुराव्यावर पडतील की भाषेवर, याची मला खरोखर भीती वाटते. गावात तर जात आणि भाऊबंदकीही आहे.

मास्तरीणबाई:
केसरीवाचक, तुमचं टिळकांचं उदाहरण मनाला लागलं, कारण तिथंही घात भाषांतरात झाला. पण भाषेवर मतं पडतील म्हणता, तर एक सांगते. आमच्या बाजूनं कोर्टात उभा राहिलेला एकच बाहेरचा माणूस कन्नड बोलणारा होता, पलीकडच्या मळ्यातला. आरोपी त्याच्याच गल्लीतला, तरी त्यानं दांडा पाहिला ते पाहिलं म्हणून सांगितलं. असा एक माणूस बारांत बसला असता तर आप्पांचं बोलणं त्याच्या कानावर सरळ पडलं असतं.

वकीलसाहेब, तुमचं कारणांचं मात्र मान्य. निकालपत्र आज पुन्हा वाचलं. आवाजावरून ओळखल्याचं कुठंच नाही, आणि त्या कन्नड शेजाऱ्याच्या साक्षीवर दीड ओळ आहे. ती दीड ओळ का, हेच अपिलात विचारायचं.

कोर्टातला:
ते निकालपत्र आणि आप्पांच्या साक्षीची नक्कल, दोन्ही घेऊन या. साक्षीचं भाषांतर करून देणाऱ्याला मी सांगतो. आप्पांनाही आणा, ते मराठीत काय म्हणाले ते त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.