शुगर आणि पाय : तुमचे, घरच्यांचे अनुभव लिहा

सांगलीत शुगरची गोळी नसलेलं घर आता शोधावं लागतं. पथ्यावर बोलणारे भरपूर आहेत. कुणी मेथीदाणे सांगतं, कुणी कारल्याचा रस, कुणी पहाटे आमराईत फेऱ्या मारायला सांगतं. पायांबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही, म्हणून हा धागा.

माझे सासरे मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. एकदा संध्याकाळी घरी आले आणि फरशीवर त्यांच्या पावलाबरोबर रक्ताचे ठिपके उमटायला लागले. चप्पल उलटी केली तर पोत्याच्या सुतळीबरोबर येणारा दाभणाचा तुकडा तळातून आरपार आत आलेला. दिवसभर ते त्याच चपलेवर उभे होते आणि त्यांना पत्ताच नव्हता.

डॉक्टरांनी नंतर समजावलं ते असं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसा खराब होतात, आणि त्याची सुरुवात सगळ्यात लांब नसांपासून होते. म्हणून आधी बोटं, मग तळवा, मग घोटा. सुरुवातीला मुंग्या येतात, आग होते, कापसावर चालल्यासारखं वाटतं. मग एक दिवस काहीच वाटेनासं होतं आणि माणूस म्हणतो, "आता पाय बरे आहेत." खरा धोका तिथून सुरू होतो. दुखत नाही म्हणून माणूस बघत नाही, आणि बघत नाही म्हणून जखम वाढते.

तुमच्याकडे काय झालं, कशाने फरक पडला, मोकळेपणाने लिहा. दवाखान्यांची आणि डॉक्टरांची नावं नकोत. दुसऱ्याचा डोस वाचून आपली गोळी कमी-जास्त करू नका, एवढी विनंती.

तासगावहून, द्राक्षबागायतदार

आमचं आबा सत्तरीच्या पुढं गेल्यात. जलम सगळा बागंत अनवाणी हिंडण्यात गेला, चप्पल घातली की पाय सरकतो म्हणायचं. ऑक्टोबर छाटणीच्या वक्ताला बोदावर पडलेली काडी तळव्यात घुसली. दुखलं न्हाई म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं न्हाई. आईला दिसलं तवा तिनं चिमूटभर न्हवं, मूठभर हळद दाबून भरली आन् वर फडकं बांधलं. आमच्याकडं हळद घरची, त्यामुळं हात आखडता न्हाई.

वरनं खपली धरली, पिवळी धम्मक. आतनं पू पार करंगळीपतुर गेला. खोलीत वास यायला लागला तवा गाडीत घालून मिरजंला नेलं. डॉक्टरचा निम्मा वेळ हळद धुवून काढण्यात गेला. ते म्हणालं, "हळद भाजीत घाला, माझं काय म्हणणं न्हाई. जखमेत भरली की आत काय चाललंय ते झाकून जातं." पाय वाचला. करंगळी गेली.

मला एकच सांगायचंय. आमच्या बैलाच्या खुरात खडा अडकला तर ह्यो माणूस जेवायचा न्हाई. रोज संध्याकाळी चारी खूर उचलून बघितल्याशिवाय दावणीपासनं हलायचा न्हाई. सोताचा पाय मात्र कधी उचलून बघितला न्हाई. आता रोज रातीला त्यांचा पाय मी मांडीवर घेतो, मोबाईलची बॅटरी लावतो आन् बोटाबोटांच्या बेचक्यात बघतो. पयल्यांदा लाजायचं. आता सोताहून पाय पुढं करत्यात.

मिरजेहून, ड्रेसिंग रूममधली सिस्टर

तासगावच्या दादांचं वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडे मुलगे सहसा पैसे भरायला येतात, पाय बघायला नाही.

मिरजेत १८९४ साली मिशनचा दवाखाना सुरू झाला. त्यामुळे अथणी, विजापूर, पार पंढरपूर भागातली माणसंसुद्धा रेल्वेने इथे उपचाराला येतात. माझ्या टेबलावर आलेल्या पायांत कितीतरी जखमा वेळेवर बघितल्या असत्या तर साध्या पट्टीत बऱ्या झाल्या असत्या.

लोकांना वाटतं मलम भारी हवं. मलमाचा वाटा छोटा आहे. जखम भरायला चार गोष्टी लागतात. मेलेलं मांस साफ करणं, जंतुसंसर्ग असेल तर त्याचं औषध, पायापर्यंत रक्त पोचणं आणि जखमेवरचा भार काढणं. शेवटची गोष्ट कुणी ऐकत नाही. सकाळी मी अर्धा तास घालवून ड्रेसिंग करते आणि संध्याकाळी ते मामा त्याच पायावर उकिडवे बसून म्हशीची धार काढतात. दुखत नसतं ना! दुखलं असतं तर त्यांनी आपोआप लंगडून पाय वाचवला असता. म्हणून डॉक्टर कधीकधी जखम असतानाच पायाला खास प्लास्टर घालतात. नातेवाईक भांडायला उठतात, की हाड कुठे मोडलंय? ते प्लास्टर हाडासाठी नसतंच. भार सगळ्या पावलावर वाटला जावा आणि जखमेला आराम मिळावा म्हणून असतं. ज्यांनी ते निमूटपणे ठेवलं, त्यांच्या जखमा भरताना मी डोळ्यांनी पाहिल्यात. मात्र ते कुणाला घालायचं हे रक्तपुरवठा आणि संसर्ग बघून डॉक्टरच ठरवतात.

घरी हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस काढू नका. त्यात नवीन येणारी पेशीही मरते. स्वच्छ पाणी किंवा सलाईनने धुवा, स्वच्छ गॉज ठेवा आणि त्याच दिवशी दाखवा. "सोमवारी बाजाराला येईन तेव्हा दाखवतो" असं करू नका. लाली पसरतेय, वास येतोय, ताप आहे किंवा बोट काळं पडतंय तर रात्र असली तरी निघा.

कराडहून, शाळेतली शिक्षिका

माझ्या आईची गोष्ट वेगळी आहे. तिला बधिरपणा नव्हता, आग होती. दिवसा बरी असायची, रात्री दहा वाजले की तळव्यांची लाही. थंड फरशीवर पाय टेकून बसायची, ओला पंचा गुंडाळायची. झोप नाही म्हणून चिडचिड, चिडचिड म्हणून साखर आणखी वर.

रात्रीची प्रीगाबालिन सुरू झाली. पहिले काही दिवस सकाळी गुंगी असायची, तिला एकटीला न्हाणीघरात जाऊ देत नव्हतो. मग आग कमी झाली. डॉक्टरांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं की ही गोळी आग शमवते, गेलेली संवेदना परत आणत नाही. त्यासाठी साखरच ताब्यात हवी. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी करून त्यांनी तिच्या वयाला झेपेल असं उद्दिष्ट ठरवून दिलं.

दुसरी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आई माळकरी, अंडंसुद्धा नाही, आणि शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी कित्येक वर्षांपासून चालू. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतली तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि शाकाहारात ते मुळातच कमी मिळतं. बी-१२ कमी असलं तरी मुंग्या आणि बधिरपणा येतो. तिचं तपासलं तर अगदी तळाला. इंजेक्शनं सुरू झाल्यावर चालताना जाणारा तोल बराच सुधारला. ज्यांच्या घरी माळकरी माणूस मेटफॉर्मिनवर आहे त्यांनी डॉक्टरांना एकदा जरूर विचारावं. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

फलटणहून, दिंडीचालक

माउलींची पालखी आमच्या जिल्ह्यात लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी जाते. आमच्या दिंडीत निम्मेअधिक साठीच्या पुढचे, आणि गोळ्यांचा डबा जवळजवळ प्रत्येकाच्या पिशवीत. अनवाणी चालण्याचा नेम असलेलेही असतात. पाऊस लांबला की डांबर तापतं. ज्याला पाय आहे तो सावलीला पळतो. ज्याचा पाय बधिर आहे तो नामस्मरणात पुढे जातो आणि मुक्कामी तळव्याची साल सोलून निघालेली दिसते.

नेम मोडा म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हणून जाणत्या महाराजांना विचारलं. ते म्हणाले, चालणं ही सेवा आहे, पाय गमावणं ही सेवा नाही. तेव्हापासून आमच्या दिंडीत शुगरवाले कॅनव्हासचे बूट आणि सुती पांढरे मोजे घालतात. पांढरे अशासाठी, की रक्त किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणाच्या वेळी पादत्राणं काढतात, माती कपाळी लावतात, पाय पुसून परत घालतात. कुणाला कमीपणा वाटत नाही.

मुक्कामावर दमलेले पाय कढत पाण्याच्या बादलीत सोडायची पद्धत होती, ती आम्ही बंद केली. एका आजींच्या पायाला त्यातच फोड आले होते आणि त्यांना पाणी कोमट वाटत होतं. आता कुणीतरी दुसऱ्याने कोपर बुडवून बघायचं, आणि तेही फक्त पाय धुण्यापुरतं. फोड आला तर सुई लावायची नाही. झाकायचा आणि सोबतच्या वैद्यकीय पथकाला दाखवायचा.

सांगलीवाडीहून

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर घरातला गाळ काढताना दिवसचे दिवस पाय ओले. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या. माझ्या भावाला शुगर, त्याच्या चिखलीतून जंतू शिरून पाय गुडघ्यापर्यंत लाल झाला. तेव्हापासून पावसाळ्यात आम्ही गमबूट वापरतो, घरी आलं की बेचक्या कोरड्या फडक्याने टिपतो. खोबरेल टाचेला लावतो, बेचक्यात नाही. तिथे ओल राहिली की बुरशी आलीच.

मिरजेहून, चप्पल कारागीर

सिस्टर म्हणतात तो भार, त्याचं काम आम्ही करतो.

आमच्या चपलेत वापरायचं ते एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. अंगठ्याने दाबलं की दबतं आणि सोडलं की वर येतं, पण स्पंजासारखं चपटं पडत नाही. खाली कडक तळ, वर हे मऊ रबर. खिळा एकही मारायचा नाही, सगळं सोल्युशनने चिकटवायचं. मागे टाचेला पट्टा हवाच, कारण बधिर पायातून चप्पल निसटून जाते आणि माणूस तसाच चालत राहतो. अंगठ्याची चप्पल नको, बोटात घट्ट धरायला लागते आणि बेचक्यात घासते. माप संध्याकाळी घ्यायचं, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. दोन्ही पायांचं वेगवेगळं, कागदावर उभं करून.

ही विद्या आमच्या वडलांनी कुष्ठरुग्णांसाठी चपला करताना शिकली. कुष्ठरोगात बोटं झडतात, मांस सडतं असा समज होता. १९४६ साली वेल्लोरला आलेले सर्जन पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की पायाच्या जखमा बधिरपणामुळे होतात. वेदना नाही म्हणून माणूस त्याच जागी पुन्हा पुन्हा दाब देतो. मऊ चप्पल आणि प्लास्टर यांनी त्याच जखमा भरू लागल्या. आज शुगरवाल्यांना जे मिळतंय ते त्या रुग्णांच्या पायांवरून शिकलेलं ज्ञान आहे.

आणि तरी गिऱ्हाईक काय म्हणतं? "ती महारोग्याची चप्पल आम्हाला नको." फार वाईट वाटतं. एका बाईंनी तयार जोड परत केला, कडक तळाची कोल्हापुरी घालून लग्नाला गेल्या आणि तळव्याला जखम घेऊन आल्या. आता मी रंगीत पट्टे लावतो, वरून चामडं चढवतो. नाव काही द्या, पण घाला. घालताना आत हात फिरवा, खडा असला तर कळेल. घरातही घाला. देवघरापुढे काढलीत तर तिथून उठताना लगेच घाला.

इस्लामपूरहून

चुलत्यांचा पाय अचानक सुजला. लाल, हाताला गरम, दुखणं जवळजवळ नाही. मुरगळला म्हणून एकाने चोळून दिला, दुसऱ्याने प्रतिजैविकं दिली. शेवटी एका हाडांच्या डॉक्टरांनी ओळखलं, शार्को फूट. बधिर पायातली हाडं आतल्या आत मोडतात, कमान कोसळते. सुरुवातीच्या एक्स-रेत काही दिसेलच असं नाही. प्लास्टर आणि पाय न टेकवणं हाच उपाय. महिनोन्‌महिने गेले, पाऊल थोडं वाकडं राहिलं, पण ते चालतात. शुगरवाल्याचा एकच पाय गरम आणि सुजलेला दिसला तर चोळू नका.

माण तालुक्यातून, आशा

आमच्याकडे तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासायची असते. बाया हात पुढे करतात, पाय लुगड्याखाली ओढतात. टाचांना भेगा, त्यात माती, त्याची लाज. मी म्हणते, काकू, कुंकू लावायचा आरसा आणा. तो खाली जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर तळवा धरायचा. वाकता येत नाही त्यांनाही दिसतं. एकीला त्यात बाभळीचा काटा दिसला, कधीचा होता तिलाच ठाऊक नव्हतं.

भेगांना रात्री व्हॅसलीन लावून मोजे. कुरूप ब्लेडने तासायचं नाही, दुकानातली कुरूपाची पट्टीही नको, त्यातल्या आम्लाने चांगली कातडी जळते. नखं सरळ कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत. आणि मिश्री, तंबाखू. यावर मी भांडते, कारण तिने पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि मग सिस्टरचं कितीही चांगलं ड्रेसिंग असलं तरी जखमेला रक्तच पोचत नाही.

कराडहून, शाळेतली शिक्षिका

आशाताई, पाय बधिर आहे की नाही हे तपासतात कसं? आईचं अजून कुणी बघितलेलं नाही.

मिरजेहून, ड्रेसिंग रूममधली सिस्टर

ताई, मी सांगते. नायलॉनचा जाडसर दोरा काडीला लावलेला असतो, तो वाकेपर्यंत टेकवला की १० ग्रॅमचा दाब पडतो. रुग्णाला डोळे मिटायला सांगतात आणि अंगठा, चवडा अशा जागी टेकवून "आता लागलं का?" विचारतात. मग थरथरणारा चिमटा, म्हणजे ट्युनिंग फोर्क, अंगठ्याच्या हाडावर ठेवतात आणि पावलावरची नाडी बघतात. काही मिनिटांचं काम आहे, टोचत नाही. वर्षातून एकदा तरी करायचंच, आणि बधिरपणा निघाला तर डॉक्टर लवकर लवकर बोलावतील. आईंना जाताना रोजची जुनी चप्पल घालूनच न्या, खास ठेवणीतली नको. ती कुठे झिजलीय ते बघून पायाचा भार कुठे पडतोय ते आम्हाला कळतं.