किनाऱ्यालगत एका दिवसाची सफर: निघण्याची वेळ कशी ठरवावी?

प्रश्न
आमची पाच मीटर लांबीची उघडी नाव असून तिला मागे बसवलेले इंजिन आहे. संथ पाण्यात ती ताशी पाच सागरी मैल जाते. किनारा धरून आठ मैलांवरील खाडीच्या मुखापर्यंत जाऊन त्याच दिवशी परतायचे आहे. जाऊन-येऊन सव्वातीन तास लागतील, हा हिशोब बरोबर आहे का?

पहिले उत्तर
आपला हिशोब संथ पाण्यासाठी बरोबर आहे, परंतु समुद्र संथ क्वचितच असतो. प्रवाह ताशी दोन मैलांचा धरला, तर त्याच्यासोबत आठ मैल जायला सुमारे सत्तर मिनिटे लागतात आणि त्याच्याविरुद्ध तेवढ्याच अंतराला दोन तास चाळीस मिनिटे. म्हणून जाताना एका दिशेचा प्रवाह आणि येताना उलटलेला प्रवाह मिळेल, अशी वेळ साधावी. भरती आणि ओहोटी यांत साधारण सहा तासांचे अंतर असते, त्यामुळे मध्ये विसाव्याला वेळही मिळतो. मात्र कोष्टकातील भरतीची वेळ आणि प्रवाह वळण्याची वेळ एकच असेल असे गृहीत धरू नका. ती माहिती नकाशावरून किंवा रोज त्या पाण्यात जाणाऱ्या मच्छीमारांकडून घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असल्याने प्रवाह जोरदार असतो, तेव्हा पहिल्या सफरीसाठी भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते दिवस, बरे.

दुसरे उत्तर
वरील गणित मान्य आहे, पण माझ्या मते वाऱ्याला त्याहून अधिक महत्त्व द्यावे. सकाळी मतलई वारा मंद असतो आणि दुपारी जमीन तापली की खारा वारा जोर धरतो. हा वारा प्रवाहाच्या विरुद्ध वाहू लागला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. नाळ, म्हणजे नावेचे पुढचे टोक, वर उचलली जाते, लगेच खाली आदळते आणि शिंतोडे थेट अंगावर येतात. सर्वांत वाईट जागा म्हणजे खाडीचे मुख. तेथील वाळूच्या दांड्यावर ओहोटीचे पाणी बाहेर पडत असताना समोरून लाटा आल्या, तर त्या फुटतात आणि लहान नाव आडवी होऊ शकते. मुखात शिरायचे ते भरतीच्या पाण्यावरच. तसे जमत नसेल तर बाहेरूनच परत फिरावे.

तिसरे उत्तर
इंधनाचे तीन वाटे करावेत: एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक राखीव. समुद्रावरून जमिनीकडे वारा असताना किनाऱ्याच्या फार जवळून जाऊ नये, कारण इंजिन बंद पडल्यास नाव खडकांकडे ढकलली जाते आणि हाताशी उरतो तो नांगर. नांगराची दोरी पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट सोडावी लागते, हे लक्षात ठेवून ती पुरेशी लांब घ्या. लाइफ जॅकेट अंगावर असावे, बाकाखाली नव्हे.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. सकाळी लवकर निघून खारा वारा वाढण्याआधी परतायचे ठरवले, तर प्रवाह दोन्ही वेळा अनुकूल मिळणे अवघड दिसते. अशा वेळी कोणती बाजू सोडावी?

दुसरे उत्तर देणारे
जाताना प्रवाह विरुद्ध घ्यावा. तेव्हा आपण ताजेतवाने असता, वारा मंद असतो आणि टाकी भरलेली असते. ठरलेल्या वेळेपर्यंत खाडी आली नाही, तरी तेथूनच मागे वळावे. प्रवाह वळला नसेल तोवर परतीची वाट सोपीच असेल.