व्याख्यानानंतरचे प्रश्न: चिठ्ठीवर की तोंडी?

मूळ मांडणी

आमच्या वाचनालयाच्या पटांगणात दरवर्षी सात दिवसांची व्याख्यानमाला भरते. यंदा संयोजन समितीने असे ठरवले आहे की श्रोत्यांचे प्रश्न केवळ चिठ्ठीवर घेतले जातील आणि त्यांतील निवडक प्रश्न सूत्रसंचालक वाचून दाखवतील. हा निर्णय मागे घ्यावा, असे मला कळकळीने वाटते.

गेल्या वर्षी पाणी नियोजनावरील व्याख्यानाच्या वेळी माझ्या चिठ्ठीत मी विचारले होते की, ज्या शिवारात विंधन विहिरींची खोली दर दोन-तीन वर्षांनी वाढवावी लागते, तिथे उसाची लागवड कमी करण्याचा निर्णय कोणी आणि कसा घ्यायचा. व्यासपीठावरून वाचला गेलेला प्रश्न मात्र ‘पाणी वाचवण्यासाठी आपण काय करावे?’ एवढाच होता. वक्त्यांनी त्याला नळ बंद ठेवण्याचे उत्तर दिले. त्यात त्यांचा काही दोष नाही, कारण माझा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता, आणि तो तसा नव्हता हे सांगण्याची मला सोय नव्हती.

महाराष्ट्रातील जाहीर सभांची परंपरा केवळ ऐकून घेण्याची नाही. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जे वाद केले, ते समोरासमोर आणि जमलेल्या लोकांच्या साक्षीने झाले. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तीसुद्धा लोकांनी सार्वजनिक प्रश्नांचा विचार करावा म्हणून. श्रोत्याचा आवाज चिठ्ठीत घडी घालून ठेवणे या परंपरेशी सुसंगत नाही.

प्रतिसाद १

मी समितीत काम करतो आणि निर्णयाच्या बाजूने मत दिलेल्यांपैकी एक आहे. ध्वनिक्षेपक श्रोत्यांकडे दिल्यावर काय घडते, हे आम्ही सलग अनेक वर्षे पाहिले आहे. एका गृहस्थांनी स्वतःच्या आठवणी सांगण्यात अकरा मिनिटे घेतली आणि अखेरपर्यंत प्रश्न आलाच नाही. वक्त्यांना शेवटची एसटी गाठायची होती, त्यामुळे तीन विद्यार्थ्यांचे प्रश्न राहून गेले. शिवाय रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो, तो नियम आम्ही केलेला नाही. समुद्रकिनाऱ्यावरील वादांचा दाखला आदराने वाचला, पण तिथे एक विषय आणि ठरलेले प्रतिपक्षी होते. आमच्याकडे वक्ता पाहुणा असतो आणि त्याच्या वेळेची जबाबदारी आमच्यावर असते.

प्रतिसाद २

दहाच्या नियमाबद्दल एक दुरुस्ती. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या 2000 सालच्या केंद्रीय नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकावर बंदी आहे, परंतु बंदिस्त सभागृहात आतल्या आत संवादासाठी तो वापरण्यास त्यातून सूट आहे. तेव्हा व्याख्यान पटांगणात आणि प्रश्नोत्तरे आतल्या दालनात, असे करता येईल.

प्रतिसाद ३

मूळ मांडणीतील एक गृहीतक मला खटकते. तोंडी प्रश्न सर्वांना खुला असतो, असे त्यात धरले आहे. मी सतरा वर्षे या व्याख्यानमालेला येते, आणि माझा पहिला प्रश्न मी चिठ्ठीवरच विचारला. समोर सासरे आणि मुलाचे शिक्षक बसलेले असताना स्त्रियांच्या वारसाहक्काबद्दल उठून बोलणे मला जमले नसते. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला असताना बहिणींकडून हक्कसोड लिहून का घेतले जाते, असे मी विचारले होते. त्या चिठ्ठीवर नाव नव्हते म्हणूनच तो प्रश्न त्या मंडपात विचारला गेला. ज्यांना उभे राहण्याची सवय आहे, तेच दरवर्षी उभे राहतात, आणि ते बहुतेक पुरुष असतात. चिठ्ठी काढून टाकली तर आमच्यापैकी अनेकजणी पुन्हा गप्प होतील.

मूळ मांडणी करणाऱ्याचे उत्तर

तिसरा प्रतिसाद वाचून मला माझी मागणी बदलावी लागत आहे. चिठ्ठी राहिलीच पाहिजे, आणि ती निनावी असावी. तरीही माझा मुख्य आक्षेप कायम आहे: चिठ्ठीतील शब्द बदलण्याचा अधिकार कोणालाही नसावा. प्रश्न लांब असेल तर तो लांब वाचावा. जे प्रश्न वेळेअभावी राहतील ते वक्त्यांच्या हाती द्यावेत आणि दुसऱ्या दिवशी फलकावर लावावेत, म्हणजे काय गाळले गेले हे सर्वांना दिसेल. उभे राहून विचारणाऱ्यांसाठी एका मिनिटाची मर्यादा घाला, ती मोडणाऱ्याचा ध्वनिक्षेपक खुशाल काढून घ्या, पण उत्तर अपुरे वाटल्यास एक उपप्रश्न विचारू द्या. अकरा मिनिटे बोलणाऱ्या एका माणसाची शिक्षा त्या तीन विद्यार्थ्यांना नको.

प्रतिसाद १ (पुन्हा)

फलकाची सूचना मी बैठकीत मांडीन, आणि चिठ्ठ्या शब्दशः वाचण्यालाही माझी हरकत नाही. उपप्रश्नाला मात्र माझा विरोध कायम आहे, कारण एकाला दिला की दुसऱ्याला नाकारता येत नाही, आणि तो नाकारणारा मीच असतो.