जोडे दारात की घरात? तुमचे अनुभव सांगा

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी छपरीत जोडे काढायचे, नळावर पाय धुवायचे, मगच आत. कुणाला सांगावं लागत नसे. आता फ्लॅटमध्ये जोडे बाहेर ठेवले तर सोसायटी रागावते, आत आणले तर आई. तुमच्याकडे कसं आहे?

*

बाबांना २० वर्षांपासून शुगर आहे. तळपायांना काही जाणवत नाही, म्हणून डॉक्टरांनी घरातही अनवाणी चालायला मनाई केली आहे. मागच्या मे महिन्यात आत्याकडे वास्तुपूजेला गेलो. बाबांनी संकोचून दारातच चपला काढल्या. जेवण गच्चीवर मांडवात होतं, जिन्यापासून मांडवापर्यंत तापलेली फरशी. आम्ही धावतच सावली गाठली; बाबा मात्र सावकाश चालत आले. रात्री दोन्ही तळपायांना फोड दिसले. जखम भरायला अडीच महिने लागले. आत्या फार रडली. आता त्यांच्यासाठी फक्त घरात घालायची मऊ चप्पल तिनेच आणून ठेवली आहे, देवघराजवळसुद्धा ती चालते. ज्यांच्या घरी शुगरचं माणूस येतं त्यांनी हे आपणहून विचारावं, ही कळकळीची विनंती.

*

कामठीला १९९९ मध्ये ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर झालं तेव्हापासून इकडे जपानी माणसांचं येणं-जाणं आहे. एकदा तसे पाहुणे आमच्याकडे जेवायला आले. जोडे काढून त्यांनी वाकून टोकं दाराकडे वळवली, शेजारच्या आमच्या मुलांच्या चपलासुद्धा. पुढे त्यांच्या घरी गेलो, तर संडासासाठी स्लिपर वेगळ्या, आणि ततामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवर, घरातल्या स्लिपरही नाहीत. आजीचं सोवळं आठवलं.

*

ताई टोरंटोला असते. तिकडे बर्फ आणि रस्त्यावरचं मीठ घरात येऊ नये म्हणून लोक बूट दारातच काढतात. तिला तिथे वेगळं काही शिकावं लागलं नाही.

*

मी कूलर दुरुस्त करतो. जोडे काढा म्हटलं की काढतो, ज्याचं घर त्याचा नियम. पण पंपाचं काम म्हणजे खाली पाणी आणि हातात वायर. एका घरी ओल्या फरशीवर अनवाणी उभा होतो, असा करंट बसला की खांदा आठवडाभर दुखत होता. तेव्हापासून मेन स्विच बंद करायला लावतो आणि रबरी चप्पल पुसून घेऊन घालूनच जातो. आधी सांगतो, तरी काही जण तोंड वाकडं करतात. मानकापूरच्या एका काकूंकडे सवयीने दारात चपला काढू लागलो, तर त्यांनीच थांबवलं. "काहून काढतो गा? राहू दे पायात, करंट लागते." आणि खोलीभर पोतं अंथरून दिलं.